बिनतारी

सोल्फ्रिडच्या घरी मला पंधरा मिनिटं.
नगरपालिकेच्या कागदावर तसंच लिहिलंय:
गोळ्या, घट्ट पायमोजे, कॉफी.
कीबोर्डाला रकाना नाही.

वार्डोला डिसेंबरात अकरा वाजता जेमतेम निळं होतं
आणि एक वाजता पुन्हा काळं.
त्या निळ्यात ती बसलेली, एक्याऐंशीची, ताठ,
दोन्ही हात कीबोर्डवर
आणि समोर कर्सर नुसताच डोळा मिचकावतोय.
'हूं नाही की चूं नाही,' म्हणाली. 'काल रात्रीपासून.'

मला काय, पायमोजे चढवता येतात.
तरी पालथा घातला त्याला, पोटाचं झाकण सरकवलं,
फ्रिजवरच्या वाडग्यातल्या नव्या बॅटऱ्या बसवल्या,
कडेचं बटण बंद केलं, चालू केलं.
नखाएवढा रिसीव्हर मागून उपसला,
फुंकर मारली, पुन्हा खोचला.
संगणक झोपवला, उठवला.
हिरवा दिवा लागला एकदाचा!
तिनं लिहिलं: बंदर.
उमटलं: बबबब
मग कितीतरी वेळ काहीच नाही
मग एकदम
रररररर

'मेलाय हा,' मी म्हणाले, 'नवा मागवू. शुक्रवारच्या बोटीनं येईल.'
'मेलेला अडखळत नाही,'
ती म्हणाली, आणि मान कलती केली
चांगल्या कानाकडे.

एकोणतीस वर्षं ती किनाऱ्याच्या बिनतारी केंद्रात होती,
बहुतेक रात्रपाळीला.
कुणाच्या इंजिनात पाणी शिरलंय,
कुणाला इकडे मुलगी झालीय आणि तिकडे जाळं फाटलंय,
सगळं हिच्या कानांतून जायचं.
'बोट कधी गप्प नसते गं.
तिच्यावरून दुसरंच कुणीतरी बोलत असतं.
पलीकडचं रशियन केंद्र, आकाशातला हिरवा धिंगाणा,
एकदा तर आमच्याच तळघरातला पंप.
आधी गलका शोधायचा. बोट मग सापडते.'
मग टेबलाकडे बोट दाखवून:
'त्याच्या शेजारी कोण बसलंय?'

मी गुडघ्यांवर, टेबलाखाली, टॉर्च दातांत.
धूळ, एक हरवलेलं कानातलं, वायरींचा गुंता,
आणि रिसीव्हरला अगदी खेटून, निळ्या तोंडाच्या खाचेत,
एक हार्ड डिस्क, गुरगुरत.
बर्गनहून नातवानं पाठवलेली.
हाल्वोरनं सगळ्या उन्हाळ्यांचे फोटो भरलेत त्यात.
'कधी लावलीस?'
'काल.'
'काल कधी?'
ती उत्तर द्यायच्या आत दोघींनाही कळलं होतं.

उपसली.
वर टेबलावर
एक कळ वाजली, मग दुसरी,
आणि मग छपरावर गारा पडाव्यात तशा.

तरी तिचं समाधान नाही.
खणातून वायरींचा डबा काढायला लावला
(सोल्फ्रिड वायर फेकत नाही, कुठलीच)
आणि रिसीव्हर दीड हात लांब
खिडकीत नेऊन ठेवला, जिरेनियमच्या कुंडीला टेकवून.
म्हणजे बिनतारीलासुद्धा
शेवटी तार लागलीच.
मी हसले. ती नाही.
'उंचावर बरं ऐकू येतं,' एवढंच.

'आणि फोटो?'
'रात्री बघेन. एका वेळी एकानंच बोलायचं.'

मग बंदर कचेरीला पत्र सुरू झालं,
माझ्याकडे न बघता, कीबोर्डाकडेही न बघता:
धक्क्यावरचं घड्याळ तीन आठवडे
चार मिनिटं मागे आहे. चार मिनिटं
म्हणजे किती, हे तुमच्यापैकी कुणी
बोटीची वाट पाहत मोजलं आहे काय?

कॉफी मी उभ्यानंच प्यायले. गार.

सदतीस मिनिटं झाली होती.
पुढच्या घरी ओड्वार उपाशी, आणि उपाशी ओड्वार म्हणजे…
गाडीत बसून फोनवर उशिराचं कारण भरावं लागतं,
त्याशिवाय पुढचा पत्ता उघडत नाही.
बोटं गारठलेली. काचेवर बर्फ.
मी लिहिलं:
पायमोजे. फार घट्ट होते.